येते म्हणाली होती

एकोणीसशे सदुसष्ट साल. कोयनेच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला ते विसरता येत नाही, पण प्रमोदिनीच्या मनात ते साल सुरू होतं एका पेलाभर चहापासून आणि 'झूठी' या शब्दापासून. तोवर तिला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. वडील शाळामास्तर, त्यामुळे माहेरी खोटं बोलण्याची सोयच नव्हती. आणि दिल्लीला आल्यावर खोटं बोलायला तरी कुणी ओळखीचं हवं ना. लग्नानंतर वर्षभर ती माहेरीच होती, नवऱ्याला, श्रीरंगला, दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळण्याची वाट बघत; तो रजेत येऊन जायचा. श्रावणात लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर मिळाला, दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, आणि शेजारच्या अंगणाच्या मध्ये डोक्याएवढी भिंत. भिंतीपलीकडे बीजी राहायच्या. त्यांचं खरं नाव वीरांवाली. पण मुलगा सतपाल बीजी म्हणायचा, म्हणून सगळी लाईन बीजी म्हणायची. उंच, हाडापेराने रुंद, पांढऱ्या दुपट्ट्यातली बाई. तिच्या जिभेला 'प्रमोदिनी' पेलवत नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी पुढची अक्षरं काढून बाजूला ठेवली आणि 'मोदनी' तेवढं घेतलं.

त्या दुपारी प्रमोदिनी अंगीठी, तिकडची कोळशाची शेगडी, पेटवायला शिकायला गेली होती. दगडी कोळसा तिने त्यापूर्वी फक्त कराडच्या स्टेशनात पाहिलेला. खाली गोवरी, वर लाकडाच्या चिरफळ्या, मग कोळसा, आणि धूर संपेपर्यंत अंगीठी गल्लीत ठेवायची, घरात आणायची घाई करायची नाही, हे सगळं बीजींनी शिकवलं, तिचे हात धरून. तिला दिवस गेले होते म्हणून वाकायचं काम स्वतः केलं. मग चहा ठेवते म्हणाल्या. प्रमोदिनीच्या घरी दूध ओट्यावर उघडं होतं. ती उठली, पदर सारखा केला आणि शाळेत हिंदीत पहिला नंबर असल्यामुळे न अडखळता म्हणाली, "आती हूँ, बीजी." आणि घरी आली. दूध झाकलं, भाजी निवडली, जरा आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालत असताना भिंतीवरून आवाज आला, "मोदनी, तू बड़ी झूठी है."

हातातला ओला परकर तसाच राहिला. बीजी सांगत होत्या, रागाने नाही, हिशेब सांगावा तशा. चहा केला, झाकून ठेवला. गार झाला, पुन्हा गरम केला. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं तरी मागचं दार उघडं ठेवून त्या बसल्या होत्या. सतपाल ऑफिसातून आला तेव्हा कुठे उठल्या. "नहीं आना था तो न कहती. मैं कोई बाँध के रखती?" प्रमोदिनीला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि कळल्याबरोबर कानांच्या पाळ्या तापल्या. आपण 'येते' म्हणालो होतो. निघताना माणूस म्हणतो तसं. त्यात येणं नसतं, हे या बाईला कसं सांगायचं? पहिल्या नंबरची हिंदी त्या क्षणी कामाला आली नाही. परकरातलं पाणी पायांवर ठिबकत राहिलं.

संध्याकाळी श्रीरंग पोटभर हसला. बुटांची नाडी सोडता सोडता हसला, जेवताना पुन्हा आठवण होऊन हसला. अगं, मग 'जाती हूँ' म्हण की, म्हणाला. सगळी दिल्ली म्हणते. आमच्या सेक्शनमधला तो मिश्रा रोज 'मैं चला' म्हणून जातो आणि रोज दहाला परत हजर असतो. बिल्कुल मरत नाही. प्रमोदिनीही हसली, पण भांडी घासताना तिने ते एकदा पुटपुटून बघितलं, जाती हूँ, आणि जीभ टाळूला चिकटून बसली. हिंदीत असलं म्हणून काय झालं. घरी कुणी 'जाते' म्हणत नसे. बाजारला निघालेला माणूस येतो म्हणे, म्हैस विकून पैसे घेऊन निघालेला दलालसुद्धा येतो म्हणे. बांगडी फुटली तर ती वाढवली, दिवा विझवायचा तर त्याला निरोप द्यायचा. लहानपणी एकदा खेळता खेळता ती 'मी जाते' म्हणून उंबऱ्याबाहेर पडली, तेव्हा आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली होती. रागावली नाही. तिला हाताला धरून आत घेतलं आणि पुन्हा बाहेर पाठवलं, नीट म्हणून. जायचं, पण येते म्हणून. पोटात मूल असताना तर असला शब्द तोंडातून काढायचा नाहीच.

तेव्हा तिने दुसरा मार्ग काढला. शब्द बदलता येत नव्हता, म्हणून तो खरा करायचं ठरवलं. बीजींकडून निघताना 'आती हूँ' म्हणायची, घरी येऊन भात टाकायची, आणि खरंच परत जायची. मागच्या गल्लीतून, त्यांच्या उघड्या दारात. "आ गई?" "आ गई." बीजींचा चेहरा खुलायचा, मुलं सांगितल्या वेळी घरी आली की खुलतो तसा. पण परत निघायचं तर पुन्हा तोच शब्द. म्हणजे पुन्हा यायचं. काही दिवस तिच्या फेऱ्यांना अंत राहिला नाही. श्रीरंग म्हणायचा, तुला नवऱ्याने क्वार्टर घेऊन दिलाय की गल्ली? शेवटी बीजीच थांबवायच्या. हाताने हवेत सारल्यासारखं करून म्हणायच्या, "जा पुत्तर, अब जा." आणि ते 'जा' प्रमोदिनीला दरवेळी लागायचं. माहेरी मोठी माणसं 'ये' म्हणायची. बरं, ये हं. इथे जिने आपल्या हाताने पराठा भरवला तीच पुढच्या श्वासात 'जा' म्हणते. तिला माहीत होतं की यात काही नाही. तरी घरापर्यंतची ती चार पावलं ती हाकलून दिल्यासारखी चालायची, आणि दारात आल्यावर स्वतःचीच लाज वाटायची.

दिवाळीला आई आली. बळवंत, धाकटा भाऊ, तिला घेऊन आला. भाऊबीजही झाली आणि आईला लेकीचा संसारही बघता आला. येतानाच्या प्रवासात प्रमोदिनीचे फार हाल झाले होते, आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता बाळंत होईपर्यंत गाडीत पाय ठेवायचा नाही. म्हणजे बाळंतपणाला माहेरी जाणं नाही. सासूबाई श्रीरंगच्या लहानपणीच गेलेल्या. या अनोळखी गावात बाळंतपण कोण करणार, या एका धास्तीने प्रमोदिनीची झोप उडाली होती, आणि आई दारात उभी राहिली तेव्हा ती आईच्या गळ्यात न पडता तिच्या ट्रंकेवरच बसली आणि रडली. आईने आल्या आल्या डबे उघडून बघितले, कोळशाला नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी तिला बीजींकडे घेऊन गेली.

"बीजी, ये मेरी आई."

बीजी खाटेवर मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर करून नीट बघितलं. "हाँ, आई. मैंने भी देखा, आई. पर है कौन?"

घोटाळा समजायला थोडा वेळ लागला. मग प्रमोदिनीने सांगितलं, आमच्यात माँला आई म्हणतात. बीजींनी मटाराची शेंग खाली ठेवली. "लो. माँ का नाम ही रख दिया 'आ गई'. फिर तो ये कभी जाएगी ही नहीं." आणि खाट हलेपर्यंत हसल्या. आईला काही कळलं नव्हतं, पण समोरची एवढी मोठी बाई हसते म्हणून तीही पदर तोंडाला लावून हसली, आणि मटाराची रास आपल्याकडे ओढून सोलायला बसली.

आई होती तोवर दोघी रोज त्या खाटेवर उन्हात बसायच्या. एक पंजाबीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि मधे दुभाष्याला बोलवायची गरज त्यांना क्वचितच पडायची. सुना, गुडघे, तुपाचे भाव. बीजी उठून निघाल्या की आई सवयीने म्हणायची, "या हं." एकदा बीजींनी विचारलंच, ही रोज काय म्हणते? प्रमोदिनीने सगळं सांगितलं. आमच्यात कुणाला जा म्हणत नाहीत, बीजी. स्वतः निघायचं असलं तरी येते म्हणतात. म्हणून मी तसं म्हणत होते. झूठी नव्हते मी. बीजींनी डोळे बारीक करून ऐकलं. मग दुपट्ट्याच्या टोकाने मटाराची साल झटकत म्हणाल्या, "समझ तो गई पुत्तर. पर मेरे कान नहीं समझते." आणि थोड्या वेळाने, मटार पुन्हा हातात घेऊन, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. लायलपूरला असताना, फाळणीत घर सोडलं त्या सकाळी, चुलीवर दूध होतं. शेजारच्या बाईला भिंतीवरून सांगितलं होतं, दूध देखना बहन, मैं अभी आई. "वो भी बैठी होगी," बीजी म्हणाल्या. बस, एवढंच. आवाज तुपाचे भाव सांगताना होता तोच. प्रमोदिनीने आईला हे मराठीत सांगितलं तेव्हा आईने हातातल्या शेंगेतले दाणे बीजींच्या ताटात टाकले.

भात काढायला आलेला, घरी वडिलांच्या, भाऊंच्या, जेवणाचे हाल; आई फार दिवस राहू शकत नव्हती. संक्रांतीला परत येते, म्हणाली, मग बारसं करूनच हलेन. डिंकाचे लाडू तिथूनच आणते, इथला डिंक धड नाही. निघताना गल्लीत स्कूटररिक्षा उभी होती. आई बीजींपुढे थांबली आणि म्हणाली, "येते हं." बीजींनी प्रमोदिनीकडे बघितलं नाही. सरळ आईला विचारलं, "कब?" तेवढी हिंदी आईला आली. "संक्रांत," ती म्हणाली, आणि दोन बोटांनी तीळ चिमटीत धरल्यासारखं करून दाखवलं. बीजींनी मान हलवली, तारीख पक्की केल्यासारखी. रिक्षा सुरू झाली. प्रमोदिनीला पुढे कितीतरी वर्षं ती चिमूट दिसायची. आईचा चेहरा नाही, चिमूट.

डिसेंबरातल्या त्या सोमवारी श्रीरंग दुपारी घरी आला. रेडिओवर बातमी होती, कोयनेला पहाटे भूकंप झाला. किती, कुठे, काही कळत नव्हतं. तारा केल्या, त्यांना उत्तर नव्हतं. ऑफिसातल्या एकाने ओळखीने ट्रंक कॉल लावून बघितला, लाइनच नव्हती. प्रमोदिनी मागच्या अंगणात बसून राहिली. तिला वाटत होतं ते भीतीसारखं नव्हतं. जत्रेत हातातलं बोट सुटल्यावर लहान मूल आधी रडत नाही, नुसतं आजूबाजूच्या पायांकडे बघत राहतं, तसं काहीतरी. दिल्लीची जमीन हलत नव्हती याचंच नवल वाटत होतं. फरशीवर मुंग्या होत्या. शेजारी कुणाच्या घरी कणीक भाजल्यासारखा वास येत होता, आणि पोटातलं मूल मात्र त्या दिवशी भारी चळवळ करत होतं, जणू त्याला काही सांगायचं होतं. बीजी आल्या. तिची अंगीठी गल्लीत नेऊन पेटवली, पोळ्यांऐवजी जाड रोट्या केल्या, तिच्यासमोर बसून तिला अर्धी रोटी संपवायला लावली. आणि उठताना, दारात, तोंडात नवीन दात बसवल्यासारखा तो शब्द जपून उच्चारला.

"येत्ते."

प्रमोदिनीने मान वर केली. बीजी गेल्या होत्या. आणि थोड्या वेळाने परत आल्या. हातात काही नव्हतं, काही काम नव्हतं. आल्या, दारात उभ्या राहिल्या, "आ गई", म्हणाल्या. त्या आठवड्यात बीजींनी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. येत्ते म्हणायचं आणि यायचं. सकाळी, उन्हं कलताना, दिवे लागताना. गुडघे दुखायचे तरी. सतपालने एकदा भिंतीपलीकडून म्हटलेलं ऐकू आलं, बीजी, बैठ भी जाओ; आणि बीजी त्याला म्हणाल्या, तू चुप कर, गिनती बिगड़ जाएगी. कसली गिनती, ते प्रमोदिनीला तेव्हा कळलं नाही. पुढे कधीतरी, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी असताना, तिला एकदम उमगलं. येते म्हणालेली माणसं येतात, हे बीजी तिला पुन्हा पुन्हा करून दाखवत होत्या. ज्यांचं स्वतःचं 'अभी आई' वीस वर्षं चुलीवर राहिलेलं, त्या.

मग एक दिवस श्रीरंग पुन्हा दुपारी आला. बळवंतचा फोन ऑफिसात आला होता. श्रीरंगने बूट काढले नाहीत. भाऊ बाहेर होते म्हणून वाचले, म्हणाला. बळवंत कराडला होता, तो ठीक. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "आईंना संक्रांतीला यायला जमणार नाही." प्रमोदिनी म्हणाली, पायाला लागलं का? मग तिने त्याच्या बुटांकडे बघितलं, गालिच्यावर आणलेल्या मातीकडे, आणि तिला समजलं की हा बिचारा दिल्लीत सात वर्षं 'मैं चला' म्हणणाऱ्यांत बसून आला तरी याच्याही जिभेवर तो शब्द येत नाही. बीजी त्याच वेळी मागच्या दारातून आत येत होत्या. प्रमोदिनी त्यांच्याकडे वळली. "बीजी," ती म्हणाली, "आई..." आणि पुढचं तिला हिंदीत सुचेना. बीजींची नजर क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या खांद्यावरून पुढच्या दाराकडे गेली. बघायला, की कोण आली. तेवढ्यानेच प्रमोदिनी फुटली.

जाणं शक्य नव्हतं. आईचं काही तिने डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे पुढे पुष्कळ दिवस तिला वाटायचं की ही बातमी दुसऱ्याच कुणाची आहे. संक्रांत आली. मराठी बायकांपैकी कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, दुखवट्याचं घर म्हणून. ते बरोबरच होतं. बीजींनी त्या दिवशी मागचं दार उघडं ठेवलं होतं. रोज वाटी यायची, कधी तुपात भाजलेल्या कणकेची पंजिरी, कधी गुळातली सुंठ. डिंक कुठून तरी पैदा करून सतपालने आणला आणि बीजींनी तिला विचारून विचारून लाडू केले. ते आईच्या लाडवांसारखे मुळीच झाले नव्हते. प्रमोदिनीने सगळे खाल्ले.

पण धास्ती तिथेच होती, उलट आता तिला तोंड फुटलं होतं. दिवसा एकटी असताना तिला वाटे, आपण या खोलीत मरणार. वाटे, बाई बाळंत होते ती आईच्या जिवावर. ज्या बाईची आई नाही तिचं शरीर त्या क्षणी कुणाला हाक मारणार? श्रीरंगने सरकारी इस्पितळात नाव घातलं होतं, रिक्षावाला सांगून ठेवला होता. तो आपल्या परीने सगळं करत होता आणि रोज दहाला ऑफिसला जात होता. फाल्गुनातल्या एका दुपारी, तारखेच्या बरंच आधी, तिने वाळत घातलेली चादर काढायला हात वर केला आणि कमरेतून कळ आली. अशी, की चादर सुटली आणि ती फरशीवर गुडघ्यांवर बसली. पहिली कळ ओसरली. गल्लीत कुणी नव्हतं. दुसरी आली तेव्हा भिंत, कपड्यांची दोरी, आभाळ सगळं एक झालं, आणि तिच्या पोटातून, तिला न विचारता, सगळ्या मराठी मुलींच्या तोंडून येते ती हाक आली.

"आई! आई गं!"

आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं.

"आई! आई, पुत्तर, आई!"

पितळी भांडं पडल्याचा आवाज, मागच्या दाराची कडी, गल्लीत धावणाऱ्या जड पावलांचा आवाज, हे सगळं प्रमोदिनीने नंतर जुळवलं. त्या क्षणी तिने फक्त हाक मारली होती आणि हाकेला तोच शब्द परत आला होता. बीजी दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत कणकेने माखलेल्या. त्यांनी तिला दोन्ही बगलांत हात घालून उचललं. त्यांच्या छातीला मोहरीच्या तेलाचा वास येत होता; आईच्या अंगाला खोबरेलाचा यायचा. प्रमोदिनीला दोन्ही वास वेगळे कळत होते आणि तरी ती एकच शब्द म्हणत होती, आणि दरवेळी कानाशी उत्तर येत होतं, आई, आई, यहीं हूँ. रिक्षात तसंच. इस्पितळाच्या दारात नर्सने अडवून विचारलं, आप कौन लगती हैं इसकी? बीजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सुना नहीं, किसको बुला रही है?" म्हणाल्या, आणि कणकेच्या हातांनी दार ढकलून आत आल्या.

बीजींना त्या दुपारी काय ऐकू आलं होतं, ते प्रमोदिनीने कधी विचारलं नाही. कुणीतरी हाक मारते आहे एवढंच कळून त्यांनी कुणीही बाई देते तशी ओ दिली होती, की मटार सोलताना ऐकलेल्या शब्दाचा अर्थ त्यांना पक्का आठवत होता? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग दोहोंतलं एकच उरलं असतं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात श्रीरंगची बदली नागपूरला झाली. सामान ट्रकने पुढे गेलं. शेवटचे दोन दिवस प्रमोदिनीला सामानापेक्षा त्या एका शब्दाचं ओझं झालं होतं. येते म्हणावं तर ही बाई दार उघडं ठेवून बसणार. समजून उमजून, तरीही बसणार, कारण तिचे कान समजत नाहीत. एक दूध तिचं आधीच चुलीवर आहे. आणि जाते म्हणावं तर कुणाला? जिने आपल्या हाकेला ओ दिली तिला? मुलीला कडेवर घेऊन ती गल्लीत आली तेव्हा बीजी दारात उभ्या होत्या, दुपट्टा नीट घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या. प्रमोदिनी वाकली, पायांना हात लावला. उभी राहताना तिला आईचे पिठाचे हात दिसले, उंबऱ्याबाहेर आलेले. तिने मनात त्या हातांची क्षमा मागितली.

"बीजी," ती म्हणाली, "मैं जाती हूँ."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काहीच झालं नाही. गल्लीतल्या निंबावर साळुंक्या भांडत होत्या, रिक्षावाला विडी ओढत होता. बीजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, हे तिला दिसलं. काय दिलं आणि कुठून काढून दिलं, दोन्ही. मग त्यांनी मुलीच्या गालावरून बोट फिरवलं, त्यांचा हात नेहमीसारखा हवेत उठला, जा म्हणायला, आणि अर्ध्यावर थांबला.

"ये," बीजी म्हणाल्या.

बीजी पंचाहत्तरच्या थंडीत गेल्या, सतपालच्या फरिदाबादच्या घरी. सतपालने पुढे मुलाकडे लुधियानाला मुक्काम हलवला आणि तिथेच त्याचा शेवट झाला. भाऊंनी पडलेलं घर पुन्हा बांधलं नाही. ते बळवंतजवळ कराडला राहिले आणि अखेरपर्यंत पहाटे उठून अंगणात जाऊन बसत. बळवंत अजून आहे, ऐकू कमी येतं. श्रीरंग निवृत्तीनंतर दहा वर्षं जगला. आजारपणात शेवटी भेटायला आलेल्या मिश्राला तो थट्टेने म्हणाला होता, मैं चला, आणि मिश्राला हसावं की रडावं कळेना. लक्ष्मीबाई नगरातली ती क्वार्टरची लाईन पाडली. प्रमोदिनी एकदा मुद्दाम बघायला गेली होती. पत्र्याच्या कुंपणाआड उंच क्रेन होती, आणि निंब कुठला तो ओळखता येईना.

ती आता गाझियाबादला असते, अकराव्या मजल्यावर, लेकीकडे. लेक, अलकनंदा, तीच ती इस्पितळात जन्मलेली. नातीचं मराठी बेताचंच आहे. ती आईला मम्मा म्हणते, प्रमोदिनीला आजी म्हणते, आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते. दुपारी चष्मा सापडत नाही, पंखा कमी करायचा असतो, अशा कशासाठी तरी प्रमोदिनी आपल्या खोलीतून तिला हाक मारते. नात कानातल्या वायरी काढते आणि आतल्या खोलीतून ओरडते, "आई, आजी, आई!"

आणि काम काय होतं ते प्रमोदिनी विसरते. ती दाराकडे बघत राहते.